उष्टा सूर

आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाची पेटी आषाढी जवळ आली की आजारी पडते. यंदा पंचम लागून राहिला होता. पट्टी सोडली तरी सूर थांबेना. भाता नुसता हलला तरी पंचम रडत सुटायचा, आणि बुवा म्हणायचे की यापेक्षा नुसते टाळ घेऊन बसूया. शेवटी मी ती पेटी जुन्या चादरीत गुंडाळली, स्कूटरवर पायांच्या मध्ये उभी केली आणि पावसाची उघडीप बघून बेळगावच्या टिळकवाडीतून शहापूरला निघालो. शहापुरात एका बोळात एक म्हातारे गृहस्थ पेट्या दुरुस्त करतात. दारावर पाटी नाही, फोन केला तर उचलत नाहीत, जाऊन उभं राहायचं. शेजारच्या घरात मागाची खटखट दिवसभर चालू असते. त्या खटखटीतच हे कान तिरका करून सूर जुळवतात, ते कसं जमतं हे मला आजवर कळलेलं नाही. त्या दिवशी त्यांनी पेटी उघडली, आत टॉर्च मारला आणि पट्टीखालच्या कातड्यात अडकलेली उदबत्तीची काडी चिमट्यानं काढून माझ्या तळहातावर ठेवली. "देवाची हाय वो. कुठंतरी टाकू नका."

काम झालं होतं, पण बाहेर पाऊस पुन्हा सुरू झाला होता. म्हणून थांबलो. त्यांच्या पाठीमागं सरकारी कचेरीत असतं तसलं हिरवं कपाट आहे. इतकी वर्षं मला वाटायचं की त्यात सरस, कातडी, जुने सूर असं काहीबाही असणार. त्या दिवशी त्याचं दार उघडं होतं. आत खणाखणांत जुनी वर्तमानपत्रं अंथरून त्यांवर माउथ ऑर्गन मांडून ठेवले होते. लांब, आखूड, वाकडे, चपटे. काहींचा निकेल उडून पितळ दिसत होतं, काहींच्या पत्र्यावर परदेशातल्या प्रदर्शनांत मिळालेली पदकं कोरलेली. एकूण सदतीस. मी मोजले नाहीत, त्यांनीच सांगितलं. ते त्यांना माउथ ऑर्गन म्हणत नाहीत, 'तोंडाची पेटी' म्हणतात. मी वाकून बघतोय म्हटल्यावर त्यांनी एक उचलून माझ्या हातात दिला. त्याच्या वरच्या अंगाला अर्ध्या लिंबाएवढ्या दोन घंट्या बसवलेल्या होत्या. एका हातानं बाजा धरायचा आणि बोटानं बारका दांडा दाबून घंटेवर टोला द्यायचा, अशी ती गंमत. "वाजवा की," ते म्हणाले.

मी खिशातून रुमाल काढला आणि बाजा पुसला.

त्यांनी माझ्या हातातून तो अलगद परत घेतला. "इरली," म्हणाले, आणि जागेवर ठेवून दिला. मग कपाटाचं दार लावलं, आणि पाऊस थांबेपर्यंत आम्ही महापालिकेच्या गटारांबद्दल बोललो.

'इरली' हा शब्द बेळगावच्या बाहेरच्या माणसाला सांगायला अवघड. पुण्याच्या मेव्हण्याला वाटलं होतं पावसातली इरली. कानडीत त्याचा अर्थ 'असू दे'. 'राहू दे' सुद्धा. भाजीवाली दोन मिरच्या जास्त टाकते तेव्हा 'इरली' म्हणते, आणि सुट्टे पैसे नाहीत म्हणून माणूस ओशाळतो तेव्हाही 'इरली'च म्हणते. रागावलेला माणूस वाद संपवायला तोच शब्द वापरतो. चेहरा बघितल्याशिवाय अर्थ लागत नाही आणि मी नेमका त्या वेळी रुमालाची घडी घालत होतो.

रुमाल स्वच्छ होता. घरी येताना रस्ताभर मी स्वतःशी हेच म्हणत होतो. कुणीही पुसला असता. परक्या माणसाच्या कपाटातली, कुणाकुणाच्या तोंडातून फिरून आलेली वस्तू. त्यात साथीची ती दोन वर्षं सगळ्यांनीच बघितलेली. पण खरं सांगायचं तर पुसताना माझ्या डोक्यात यातलं काहीच नव्हतं. हात आपोआप खिशात गेला. हा हात कुठं शिकला ते मला रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवलं, आणि मग झोप लागली नाही.

निपाणीचे मामा तंबाखूच्या वखारीत चाळणीवर कामाला होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आई मला तिकडं सोडायची. निपाणी स्टँडवर एसटीतून पाय खाली टाकला की पहिल्यांदा शिंक यायची. गावाला वासच तो. तंबाखूचा वास गोड असतो हे न बघितलेल्या माणसाला सांगून पटत नाही. गूळ, वाळलेलं गवत आणि खाली कुठंतरी जळजळ. मामा संध्याकाळी घरी यायचे तेव्हा त्यांच्या भुवयांवर तपकिरी पूड बसलेली असायची. आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून ते कट्ट्यावर बसत आणि वरच्या खिशातून विडीच्या बंडलाशेजारचा बाजा काढत. दहा भोकांचा, मधे लाकूड आणि वरखाली पत्रा. गोवा पोर्तुगीजांचा होता तेव्हा तिकडं इथं न मिळणारं विलायती सामान मिळायचं. वखारीच्या मालकाच्या मुलानं तो तिथून आणला, दोन दिवस फुंकला आणि कंटाळून मामांना देऊन टाकला. म्हणजे मामांनाही तो उष्टाच मिळालेला. १९७५ नंतर निपाणीतल्या कट्ट्यावर फर्माईश एकच असायची, 'शोले'तला जय दिवे मालवत्या वेळी वाजवतो ते. पडद्यावर बच्चन होता आणि वाजवला होता भानू गुप्तांनी, हे मला फार नंतर कळलं. मामांना ते नाव माहीत असण्याची शक्यता नव्हती. ते ती धून त्यांच्या पद्धतीनं वाजवायचे, मधले दोन सूर गाळून, कारण ते सूर त्या बाजात त्यांना सापडायचे नाहीत. मला अजूनही मूळ धून ऐकली की तिच्यात दोन सूर जास्त आहेत असं वाटतं.

मामांना खोकला लागला तो १९८१ च्या आंदोलनाच्या आसपास. शरद जोशींच्या मागं तंबाखूचे शेतकरी हायवेवर बसले होते, वखारी बंद होत्या, मामा दिवसभर घरी. पूड नाही तर खोकला जाईल असं मामी म्हणायची. गेला नाही. मिरजेला दाखवून आले आणि घरात मामांचा कप वेगळा झाला. कान तुटलेला, निळ्या फुलांचा. ताट वेगळं, तांब्या वेगळा, अंथरूण बाहेरच्या खोलीत. कुणी काही बोललं नाही. भांडी आपापली सरकली. मी अकरा वर्षांचा होतो आणि मला सगळं कळत होतं.

एका संध्याकाळी मामांनी वाजवायला घेतलं आणि अर्ध्यावर दम तुटला. ते थोडा वेळ भिंतीला टेकून बसले. मग बाजा माझ्यापुढं धरला. "धर. वाजीव."

मी घेतला. शर्टाचं टोक वर ओढलं आणि बाजा पुसला. त्यांच्या देखत.

मामा बघत होते. रागावले नाहीत. नेहमीच्या आवाजात म्हणाले, "नीट पूस. कोपऱ्यात ऱ्हातंय."

पुढं मी वाजवला की नाही, ते आठवत नाही. खूप प्रयत्न केला आठवायचा.

त्यानंतर आठवडाभर मी शहापूरला गेलो नाही, पण त्या कपाटाचाच विचार करत होतो. आमच्याकडं पेटी आणि हा बाजा ही सख्खी भावंडं. दोन्हींच्या आत तेच असतं: पितळेची बारीक पाती एका टोकाला रिव्हेट मारून पट्टीवर बसवलेली, दुसरं टोक मोकळं, वारा आला की ते खाचेतून आतबाहेर थरथरतं. दोन्ही युरोपातून आली. त्यातली पेटी बघता बघता आमची झाली. आकाशवाणीनं तिला १९४० साली दाराबाहेर काढलं, कारण तिच्यात मींड येत नाही, श्रुती नाहीत. ती बंदी १९७१ पर्यंत चालली. तरी पेटीचं काही अडलं नाही. या बेळगावात तर विठ्ठलराव कोरगावकर, रामभाऊ विजापुरे अशी माणसं होऊन गेली, ज्यांच्यामुळं पेटी ही साथीला बसवायची वस्तू आहे हे लोक विसरले. पेटी देवळात गेली, नाटकात गेली, देव्हाऱ्यासमोर सतरंजीवर बसली, तिला हळदीकुंकू लागलं. बाजा मात्र कट्ट्यावर राहिला. खिशातला, उनाड पोरांचा, सिनेमातला, लष्करातल्या जवानाचा. असं का, हा प्रश्न मला लहानपणीही पडला होता आणि त्याचं उत्तर मला मामीनं दिलं होतं.

मामी बाजा देवाच्या कोनाड्याजवळ ठेवू द्यायची नाही. "उष्टं हाय ते." मी म्हटलं, मग सनई? ती पण तोंडानंच वाजवतात, आणि लग्नात, देवळात, पहाटे वाजते. शंख तर देवापुढंच फुंकतात. बासरी तर खुद्द देवाच्याच हातात. मला वाटलं, जिंकलो. मामी भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "ती फुंकत्यात. ह्यो वडून घेतोय."

मी त्यानंतर वाद्यांवरचं बरंच वाचलं, पण बाजाबद्दल याहून नेमकं वाक्य मला मिळालेलं नाही. सनईत, शंखात, बासरीत श्वास एकाच दिशेनं जातो, माणसाकडून बाहेर. बाजा श्वास आत घेतानाही वाजतो. प्रत्येक भोकात दोन पाती, एक फुंकरीला बोलणारं आणि एक ओढीला. म्हणजे निम्मे सूर आपण जगाला देतो आणि निम्मे आधीच्या माणसानं आत जे काही ठेवलं असेल त्याच्यासकट छातीत ओढतो. पेटीला भाता आहे, तिला कुणाची छाती लागत नाही. म्हणून ती सोवळ्यात बसते. मामीला यातलं शास्त्र माहीत नव्हतं. तिच्या घरात एक माणूस बाहेरच्या खोलीत झोपत होता, तेवढं तिला पुरेसं होतं.

दिवाळीनंतर मामा गेले. बाजा मला द्यायचा असं त्यांनी सांगून ठेवलं होतं म्हणे. मामीनं तो द्यायच्या आधी स्वच्छ केला. पितळ म्हणून चिंच लावून घासला, मग राखेनं, मग पातेल्यात पाणी उकळून त्यात पंधरावीस मिनिटं टाकून ठेवला आणि उन्हात पत्र्यावर वाळत घातला. तिनं तिच्या परीनं मला जपलं. मला दिला तेव्हा तो तांब्याभांड्यासारखा लखलखत होता आणि मुका होता. आतलं लाकूड पाणी पिऊन फुगलं होतं, भोकांमधल्या लाकडी पट्ट्या दातांसारख्या पुढं आल्या होत्या. वाजवायला गेलो आणि ओठ कापला. सगळ्या बाजात एकच सूर लागायचा, तोही ओढताना. मी तो बिस्किटाच्या डब्यात ठेवला. डबा माझ्याबरोबर कॉलेजात, नोकरीत, तीन भाड्याच्या घरांत फिरला. टाकवेना आणि उघडवेना.

पेटीचं काम झालेलं असताना पुन्हा शहापूरला जायचं म्हणजे कारण लागतं. डबा हेच कारण झालं.

म्हाताऱ्यांनी डबा बघितला, बाजा बघितला आणि आधी पोटभर हसले. "घासलाय कुणी असा? समईगत?" मी सांगितलं. ते हसायचे थांबले, पण काही बोलले नाहीत. चहा मागवला. मग स्वतःहून कपाट उघडलं आणि या वेळी एकेक काढून समोरच्या गादीवर मांडायला लागले. मी हात मांडीखाली घेऊन बसलो होतो, हे त्यांच्या लक्षात आलं असावं.

संग्रह त्यांच्या वडिलांपासूनचा. वडीलही पेटीवालेच. गोरे कॅम्प सोडून गेले तेव्हा बंगल्याबंगल्यातून सामान विकायला निघालं; खुर्च्या, काचेची झुंबरं, ग्रामोफोन लोकांनी नेले आणि ड्रॉवरच्या तळाशी राहिलेले हे बाजे भंगारवाल्याकडं आले. वडिलांनी ते वजनावर घेतले, आतली पाती पेट्यांना उपयोगी पडतील म्हणून. पडली नाहीत, फार बारीक निघाली. मग मोडायला जीव होईना. अशी सुरुवात. पुढं लोकच आणून द्यायला लागले. दोन्ही बाजूंनी वाजणारा एक आहे, एका अंगाला एक पट्टी, उलटा केला की दुसरी. वर-खाली भोकांच्या दोन ओळी असलेले लांब बाजे तर आठदहा. त्यात प्रत्येक सुराला दोन पाती असतात, मुद्दाम केसभर बेसूर ठेवलेली. दोन्ही एकदम बोलली की सूर थरथरतो. "पेटीत असं झालं तर गिऱ्हाईक परत आणून आपटतं," ते म्हणाले. "हितं त्याचेच पैसे घेतात." बाजूला बटण असलेला एक आहे, बटण दाबलं की सगळे सूर अर्ध्या पायरीनं चढतात, म्हणजे काळ्या पट्ट्याही हाती लागतात. एक माशाच्या आकाराचा प्लॅस्टिकचा आहे, सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेतला, पूर्वी दोन रुपयांना मिळायचा. तो त्यांनी जर्मन बाजांच्या शेजारीच ठेवलाय. मी विचारलं, हा का? "ह्यो पण तोंडात धरूनच आलाय की हितपर्यंत."

जर्मनीतलं ट्रॉसिंगेन हे या बाजांचं माहेर. तिथला माथिआस होनर हा घड्याळजी. १८५७ साली त्यानं बाजे करायला घेतले, पहिल्या वर्षी झाले साडेसहाशे. तीस वर्षांत आकडा वर्षाला दहा लाखांवर गेला. आज त्या गावात बाजांचं वेगळं संग्रहालयच आहे. म्हाताऱ्यांकडं कुणीतरी पाठवलेली काही छायाचित्रं आहेत, कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली: लाकडी पेटीला पाच पितळी कर्णे जोडलेला बाजा, सहा बाजे पाणचक्कीसारखे चाकावर बसवलेला बाजा. तो सहाचा वाजवताना गाण्याची पट्टी बदलली की चाक फिरवायचं. एका दुकानदारानं शंभर वर्षांपूर्वी ठरवलं की याला घंटी लावू, दुसऱ्यानं म्हटलं कर्णा लावू. मूळ वस्तू इतकी साधी आणि स्वस्त होती की वेगळेपणा बाहेरूनच आणावा लागत होता. मला या नटव्या बाजांपेक्षा साधेच जास्त आवडले, पण हे मी बोललो नाही. घंट्यांवर त्यांचा जीव आहे.

सगळ्यात लहान बाजा त्यांनी काडेपेटीतून काढला. चार भोकं, आठ सूर, बोटाच्या दोन पेरांएवढा. मी त्यांना सांगितलं की असलाच एक अवकाशात जाऊन आलाय. १९६५ च्या डिसेंबरात जेमिनी ६ यानातले वॉल्टर शिरा आणि टॉम स्टॅफर्ड यांनी जमिनीवरच्या लोकांना आधी घाबरवलं की एक अनोळखी वस्तू उत्तरेकडून येतेय, आणि मग लपवून नेलेला बाजा आणि घुंगरं काढून नाताळचं गाणं वाजवलं. अवकाशात वाजलेली पहिली वाद्यं ती. म्हातारे विचारात पडले. "वर वारा नसतो म्हणतात. मग फुंकला कसा?" यानाच्या आत हवा असते, मी म्हटलं. "असं. म्हणजे घरात बसूनच वाजवला म्हणा की," असं म्हणून त्यांनी काडेपेटी बंद केली.

मग माझा बाजा घेतला. या जुन्या बाजांना स्क्रू नसतात, बारीक खिळे असतात. त्यांनी चाकूचं पातळ टोक घालून ते एकेक सैल केले, क्रमानं वर्तमानपत्रावर मांडले. वरचा पत्रा निघाला, खालचा निघाला. चिंचेनं बाहेरून चकचकीत केलेल्या त्या वस्तूच्या आत पितळ काळंनिळं पडलं होतं. वीस पाती, वर दहा आणि खाली दहा. खालच्या सुरांची लांब, वरच्या सुरांची पापणीएवढी. त्यांनी एका पात्याच्या टोकाला नखानं टिचकी मारली. बारीक, डासासारखा सूर आला. मी दचकलो. फुंकरीशिवाय, तोंडाशिवाय, चाळीस वर्षांनी. त्यांनी एकामागून एक टिचक्या मारल्या. काही पाती बोलली, काही नुसती टक्क वाजली. लाकडाचे पुढं आलेले दात त्यांनी ब्लेडनं तासून पट्टीच्या रेषेत आणले. भुसा उडाला. पेअरचं लाकूड आहे, म्हणाले, नासपती. मी एक कण उचलून हुंगला. तंबाखूचा वास आला नाही, कशाचाच आला नाही. जरा निराशा झाली, हे कबूल करतो.

खालच्या सप्तकावर त्यांची बोटं थांबली. "एक गंमत बघा. हितं मध्यम नाही. धैवत पण नाही." या दहा भोकांच्या बाजाची सगळ्या जगभर हीच रचना: खाली फुंकून साधा मेळ लागावा म्हणून दोन सूर सोडून दिलेले. मामांना सापडत नव्हते ते दोन सूर कदाचित हेच. मामांचा काही दोष नव्हता. ते मुळात तिथं नव्हतेच. मी बोटांवर मोजलं: सा, रे, ग, प, नी. हा तर हंसध्वनी. म्हातारे खूश झाले. "कर्नाटकी राग वो. जर्मनीत कुणी शिकवला?" रामस्वामी दीक्षितरांनी तो दक्षिणेत बांधला, भेंडीबाजारच्या अमान अली खाँसाहेबांनी इकडच्या गाण्यात रुजवला, आणि आता आमच्याकडं गणेशोत्सवात तो कुणाचा हे कुणी विचारत नाही. दुकानाच्या पाटीवरच्या अक्षरांवरून या गावात एवढं रामायण होतं, आणि हंसध्वनी मात्र दोन्हीकडून बिनबोभाट ये-जा करतो. हे मी म्हाताऱ्यांना बोलून दाखवलं तर ते म्हणाले, "रागाला मतदान नसतंय."

चहा झाला होता. मी शेवटी विचारलंच. त्या दिवशी घंट्यांचा बाजा परत का घेतलात?

त्यांना आधी आठवेना. मग आठवलं. "रुमाल होय. धागे वो. पात्याच्या फटीत कापसाचा एक केस गेला तरी सूर मरतो. आमचीच चूक, आधी सांगायला पाहिजे होतं." एवढंच. आठ दिवस मी ज्याच्यावर झोप घालवली होती ते असं सुताएवढं निघालं. पटलं मला. म्हणजे बरंचसं पटलं. कारण हे सांगताना ते माझ्याकडं बघत नव्हते, खिळे परत बसवत होते, आणि शेवटचा खिळा बसल्यावर म्हणाले, "आणि घाण वाटत असली तर वाटू दे की. प्रत्येकाला वाटतंय. मला पण आधी वाटायचं."

बाजा जोडून झाला. त्यांनी तो तळहातावर दोनदा आपटला, भुसा झाडला आणि सरळ तोंडाला लावला. खालून वर फुंकत गेले, वरून खाली ओढत आले. विसातली अकरा पाती बोलली. बाकीच्यांना वेळ लागेल म्हणाले, ठेवून जा. मग बाजा माझ्यापुढं धरला. वरच्या पत्र्यावर त्यांच्या ओठांचा ओला डाग होता आणि तो कडेकडेनं सुकत चालला होता.

शेजारचा माग थांबला होता, दुपारची जेवणाची वेळ झाली होती. रुमाल खिशात होता.

मी बाजा तोंडाला लावला. पहिली फुंकर नुसती हवाच गेली. दुसऱ्या भोकावर आलो आणि श्वास ओढला. पंचम लागला, लहानपणी लागायचा तोच एकटा. लाकडाच्या ताज्या भुशाचा एक कण जिभेवर आला आणि तोंडाला आंबट चव लागली. पितळ आंबटच लागतं, आणि चिंच चाळीस वर्षं टिकत नाही, एवढं मला कळतं. मी परत एकदा ओढून बघितलं.